दोन वाव पाणी

टंडेल डावे-उजवे हे शब्द वापरत नसत. जेवताना मीठ हवे असले तर ते म्हणत, "मास्तर, ती मिठाची वाटी जरा वायव्येस सरकवा." माझ्या सदऱ्याच्या बाहीचे बटण तुटले होते, तेव्हा त्यांनी मला सांगितले, "तुमचा पूर्वेचा हात उघडा हाय." मी कोणता हात ते पाहण्यासाठी वळलो, तर तितक्याच शांतपणे त्यांनी दुरुस्ती केली, "आता दक्षिणेचा."

प्रथम मला ही थट्टा वाटली. शाळेत एक होकायंत्र होते. ते मी घरी आणले आणि आठवडाभर, त्यांच्या नकळत, प्रत्येक वाक्याची पडताळणी केली. ते एकदाही चुकले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारले, "मार्क किती दिलात?"

त्या काळी मी बर दुबईतल्या भारतीय मुलांच्या एका लहान शाळेत भूगोल आणि गणित शिकवीत असे. साठीच्या दशकाचा तो उत्तरार्ध होता. आज आपण ज्याला संयुक्त अरब अमिराती म्हणतो तो देश तेव्हा व्हायचा होता. प्रवाळाच्या दगडांच्या एका जुन्या घरात, एकाच अंगणाभोवती, माझी आणि टंडेलांची खोली शेजारी शेजारी होती. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे कोकणी मुसलमान. चाळीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढलेली. खलाशांवरचा मुकादम तो टंडेल, त्या हुद्द्यापर्यंत चढून ते थांबले होते. घरचे त्यांचे नाव मला पत्रांच्या पाकिटांवरून ठाऊक होते, पण मी ते कधी उच्चारले नाही. सगळी खाडी त्यांना टंडेल म्हणे.

साठी उलटल्यावर ते इथे पडावांवर कामाला होते. हे काम काय होते ते सांगायला हवे. दुबईच्या खाडीला तेव्हा मोठे जहाज आत घेण्याइतके पाणी नव्हते. जहाजे बाहेर, समुद्रात दोन-दोन मैलांवर नांगर टाकून उभी राहत आणि सपाट बुडाचे पडाव जाऊन त्यांच्यावरचा माल उतरवून आणीत. सिमेंट, साखर, लोखंडी कांबी, आमच्या शाळेचे फळेसुद्धा असेच आले. वाचकांनी एवढा तपशील लक्षात ठेवावा. मी भूगोलाचा शिक्षक. तो रोज डोळ्यांसमोर असूनही मी मात्र विसरलो होतो.

टंडेलांच्या कोटाच्या खिशात एक दोरी असे आणि तिच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा. पाण्याची खोली मापण्याचे हे जुने साधन. दोरीला वावा-वावावर गाठी मारलेल्या असतात. दोन्ही हात आडवे पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर भरते ते एक वाव. सुमारे सहा फूट. गोळ्याच्या तळाला एक खळगी असते आणि तिच्यात चरबी भरलेली असते, म्हणजे तळाचा गाळ तिला चिकटून वर येतो. टंडेल तो गाळ हुंगत आणि जागा सांगत. मी एकदा खाडीच्या तीन ठिकाणांहून चिखल आणून तीन वाट्यांत ठेवला आणि त्यांची लेखी नसली तरी तोंडी परीक्षा घेतली. दोन वाट्या त्यांनी बरोबर ओळखल्या. तिसरी नाकाशी धरून ते म्हणाले, "मास्तर, ह्यात साबन हाय. हा तुमच्या न्हाणीचा." तेही खरे होते. मला तिसऱ्या ठिकाणापर्यंत जायचा कंटाळा आला होता.

त्यांचे सगळे मापन वावांत चाले. खोली अडीच वाव लांब, मशिदीचा मनोरा सात वाव उंच, शाळेचे मुख्याध्यापक "एक वावाला चार बोटा कमी". कोणी नवा माणूस मुंबईच्या आगबोटीने आला की त्याला ते पहिल्यांदा विचारीत, "तुमच्या गावी पानी किती?" देशावरचा माणूस या प्रश्नाने गोंधळून विहिरीविषयी सांगू लागे. ते तेही मन लावून ऐकत.

पण दोन्ही काठांवर टंडेल ज्यामुळे माहीत होते ती गोष्ट निराळी. दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, ते बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रात बसत. अब्रा म्हणजे खाडी ओलांडून देरा बाजूला नेणारी होडी. तिचा नाखवा मूळचा इराणच्या किनाऱ्यावरचा होता आणि त्याची टंडेलांशी दोस्ती होती. शुक्रवारी दुपारी उतारू थोडे असत, म्हणून तो होडी सरळ पलीकडे न नेता खाडीच्या तोंडाकडे एक मोठा फेरा घेई. आणि टंडेल होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, उभे राहून सर्वांना स्टॉकहोम दाखवीत.

स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम उत्तरेकडे, पाण्याने वेढलेल्या अनेक बेटांवर वसलेली आहे. वर्गात मी एवढेच शिकवीत असे. टंडेल त्याहून पुष्कळ अधिक शिकवीत.

"एक," ते म्हणत. "हितून नाव सुटते. तिकीट काढलेली मानसा लायनीत उभी. एक बाई भोंग्यातून बोलते. तीन भाषा बोलते, आपली एक पन नाय."

"आपली बाई किधर है, टंडेल?" नाखवा दर वेळी विचारी.

"आज रजेवर हाय. तिच्या जागी मी."

पुढे तिसऱ्या ठिकाणी एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, मध्ये दरवाजे. पाचव्या ठिकाणी लाल विटांची थोरली कचेरी, तिच्या मनोऱ्यावर तीन मुकुट. "मोजलेत, तीनच हायत." सातव्या ठिकाणी एक जहाज. ते तीनशे वर्षांमागे, पहिल्याच सफरीत, बंदरातल्या बंदरात बुडाले आणि आता अख्खेच्या अख्खे वर काढले आहे. "लाकूड शाबूत हाय. पन त्यावर रात्रंदिवस पानी मारतात. पानी बंद केला तर सुकंल, नि सुकला का तडकंल." असे करीत अकरा ठिकाणे होत. देराच्या घरांत वारा उतरवणाऱ्या वायुमनोऱ्यांकडे बोट करून ते देवळांचे कळस दाखवीत आणि सिमेंटच्या गोण्या लादलेल्या पडावाला पांढरी आगबोट म्हणत. बलुची हमाल, सिंधी दुकानदार, शेजारच्या अजमान गावाहून कापड न्यायला आलेला शिंपी, भाषा समजो न समजो, सगळे ऐकत. कोणी हसले तर टंडेलही हसत.

दुसरे ठिकाण मी मुद्दाम मागे ठेवले आहे. त्या जागी नाखवा न सांगता वल्ही उचले. टंडेल खिशातली दोरी काढून गोळा पाण्यात सोडीत. तो टेकला की दोरी बोटात धरून वर ओढीत आणि तिची ओली लांबी दोन्ही हात पसरून सर्वांसमोर मापीत. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा हात पसरले की कोरडी दोरी सुरू होई. खाडीतली ही जागा त्यांनी शोधून काढली होती. भरती-ओहोटीप्रमाणे होडी थोडी इकडे-तिकडे घेतली की तिथे बरोबर दोन वाव पाणी मिळे.

"दोन," ते म्हणत. "दोन वाव. बघा. एवढाच." आणि मग, दोरी गुंडाळीत, "एवढ्यात कोन बुडतो?"

त्यांचा मुलगा त्या शहरात नाहीसा झाला होता.

तोही जहाजावर होता. वय चोवीस, लग्नाला आठ महिने झालेले. त्याचे जहाज उन्हाळ्यात नऊ दिवस स्टॉकहोमच्या धक्क्याला लागले होते. सातव्या दिवशी संध्याकाळी तो एकटाच खाली उतरला आणि परतला नाही. त्याच धक्क्याच्या पायऱ्यांवर त्याची टोपी आणि वहाणा सापडल्या. पाण्यात शोध झाला, काही मिळाले नाही. कंपनीचे इंग्रजी पत्र घरी आले, मागाहून त्याची ट्रंक आली. आणि या सर्वानंतर, तीन आठवड्यांनी, त्या मुलाचे स्वतःचे पत्र आले. बंदरात आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने ते टाकले होते. आधी खबर आणि मागून पत्र, असा क्रम लागला. पत्रात त्याने तिकीट काढून शहर पाहिल्याची हकीकत लिहिली होती: भोंग्यातून बोलणारी बाई, गोडे-खारे पाणी, तीन मुकुट, वर काढलेले जहाज. टंडेलांना वाचता येत नव्हते. त्यांनी ते पत्र गावच्या शिक्षकाकडून इतक्या वेळा वाचून घेतले की ते त्यांना पाठ झाले. शुक्रवारी आम्ही जे ऐकत होतो ते मुलाचे पत्र होते.

ट्रंकेत एक नकाशा होता. शहर पाहायला निघालेल्या प्रवाशांना देतात तसा, रंगीत. जहाजाच्या एका अधिकाऱ्याने त्यावर शाईने फुली मारून मुलाची टोपी मिळाली ती जागा दाखवली होती. टंडेलांनी तो नकाशा खळीने फळीवर चिकटवून खोलीत, उत्तर वर करून, टांगला होता. त्यात जमीन पिवळी होती, पाणी निळे आणि पाण्यात ठिकठिकाणी आकडे होते. आता, चाळीस वर्षे समुद्रावर काढलेला माणूस पाण्यात लिहिलेला आकडा एकाच प्रकारे वाचतो. सागरी नकाशात पाण्यातले आकडे म्हणजे खोली. फुलीच्या शेजारी, निळ्या पाण्यात, दोनचा आकडा होता.

"गावच्या खाडीत पाच वावावर अडकलेला नांगर त्यानं सोडवून आनलेला हाय," टंडेल मला म्हणाले होते. "बारा वर्षाचा होता तवा. तो दोन वावात बुडंल? वर आला आसंल. डोक्याला लागला आसंल, नाव-गाव विसरला आसंल. कुटंतरी कामाला लागला आसंल त्या फेरीच्या बोटींवर."

मी नकाशाकडे पाहिले होते आणि मान डोलावली होती.

यात आणखी एका व्यक्तीचे आयुष्य अडकले होते. सून टंडेलांच्या घरी, गावीच राहत होती. तिचा भाऊ दर दोन-तीन महिन्यांनी पत्र पाठवी. पत्रे मी वाचून दाखवीत असे आणि उत्तरेही मीच लिहीत असे. भावाचा मजकूर नेहमी अदबीचा असे. बहिणीचे वय बावीस. चौथे वर्ष लागत आले. एक चांगले स्थळ आहे, माणूस थांबायला तयार आहे, पण किती? जमातीचे म्हणणे असे की बापाने आपल्या तोंडाने मुलगा गेला म्हटल्याशिवाय तिला इद्दतीला बसवता येणार नाही. इद्दत म्हणजे विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस. त्यानंतरच तिचा दुसरा निकाह होऊ शकतो. तेव्हा आपण दोन शब्द लिहावेत.

टंडेल उत्तर सांगत आणि ते कधी बदलत नसे. "इकडे सर्व खुशाल. मुलगा दोन वाव पाण्यात बुडणारा नव्हे. धीर धरावा." असे मी सहा वेळा सुवाच्य अक्षरात लिहून दिले. शब्दांतले ऱ्हस्व-दीर्घ मी तपासले, मजकूर तपासला नाही.

सातव्या पत्राच्या खाली, निराळ्या आणि अडखळत्या अक्षरात, एक ओळ होती. सुनेने ती स्वतः लिहिली होती. "अब्बा, तुम्ही सांगाल तोवर मी थांबेन." ती मी वाचून दाखवली. टंडेल म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचली. त्या दिवशी त्यांनी उत्तर सांगितले नाही. पत्र घडी करून कोटाच्या खिशात, दोरीजवळ ठेवले.

त्यानंतर महिन्याभराने ऑगस्टची दमट हवा सुरू झाली. त्या हवेत दुबईत भिंतींना घाम येतो, वह्यांची पाने लाटांसारखी होतात आणि खळ सुटते. एका दुपारी टंडेल कामावर असताना मी त्यांच्या खोलीत दौत ठेवायला गेलो, तो नकाशाचा खालचा कोपरा फळीपासून सुटून लोंबत होता. तो पुन्हा चिकटवावा म्हणून मी हातात धरला आणि मागची बाजू दिसली. तिथे एक यादी होती. एक ते अकरा आकडे, अनुक्रमाने. प्रत्येकासमोर परक्या भाषेत एक नाव आणि त्यापुढे घड्याळाच्या वेळा. खाली थोडे इंग्रजी होते. प्रवाशांना फिरवणाऱ्या होडीचे थांबे, असे त्यात म्हटले होते. दुसरा थांबा राजवाडा.

मी खाली बसलो. यादी पाहायचीही गरज नव्हती, हे मला तेव्हा समजले. एक ते अकरा, प्रत्येक आकडा एकदाच, क्रमाने, गळती नाही की पुनरुक्ती नाही. कोणत्याही समुद्राचा तळ असा नसतो. पाचवीच्या मुलाने हे ओळखले असते. मी ती फळी दोन वर्षे पाहत होतो.

मी पीठ शिजवून खळ केली आणि कोपरा नीट चिकटवून टाकला.

आठ दिवस मी कोणाशी काही बोललो नाही. सांगावे तर एका म्हाताऱ्याचा उरलेला आधार काढून घ्यावा लागणार होता. न सांगावे तर खाडीकाठी बसलेल्या एका मुलीचे आयुष्य होडीच्या थांब्याच्या क्रमांकावर लटकत राहणार होते. मी वर्गात भागाकार शिकवीत असे आणि फळ्यावरचा भागाकार अर्धा सोडून खिडकीबाहेर पाहत राही. टंडेल नेहमीसारखेच होते. एकदा मात्र संध्याकाळी चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "मास्तर, हल्ली तुमी माझ्याकडं बघत नाय. नैर्ऋत्येला बघता."

मग शुक्रवार आला. अब्रात नाखव्याखेरीज दोन बलुची हमाल, अजमानचा तो शिंपी आणि एका बँकेत नव्याने लागलेला गिरगावचा एक कारकून होता. कारकून हुशार होता आणि त्याला गप्प बसवत नव्हते. दुसऱ्या ठिकाणी दोरी वर आली, हात दोनदा पसरले गेले.

"दोन वाव. बघा. एवढाच."

दोरी गुंडाळीत त्यांनी विचारले, "एवढ्यात कोन बुडतो?"

"काका," कारकून म्हणाला, "दोन वाव म्हणजे बारा फूट झाले. बारा फुटांत माणूस आरामात बुडतो. आमच्याकडे चौपाटीला कमरेएवढ्या पाण्यात बुडतात."

"तुमच्याकडं बुडत आसतील."

"आणि हे दोन वाव तुम्हाला कोणी सांगितलं? कोणी मापलं तिकडे जाऊन?"

"नकाशात लिवलाय." टंडेलांनी दोरी गुंडाळायची थांबवली आणि माझ्याकडे तोंड केले. "मास्तरांना विचारा. शिकलेला मानूस हाय, आयुष्यात खोटा बोललेला नाय. बोला मास्तर, सगळ्यांदेखत बोला. नकाशात दोन वाव लिवलाय का नाय?"

नाखव्याने वल्ही वर धरली होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पुष्कळ काही म्हणू शकलो असतो. नकाशा जुना आहे, मला नीट आठवत नाही, उन्हाने डोके दुखते आहे. पण मला प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मला येत होते.

"नाही," मी म्हणालो. "तो आकडा पाण्याच्या खोलीचा नाही, टंडेल. तो होडीच्या थांब्याचा क्रमांक आहे. नकाशाच्या मागे यादी आहे. एक ते अकरा. खोली त्यात कुठेच लिहिलेली नाही."

कारकुनाने मान खाली घातली. बलुची हमालांना मराठी समजत नव्हते, ते आमचे चेहरे पाहू लागले. टंडेल हळूहळू नाळेवरून खाली आले आणि फळीवर बसले. ओली दोरी त्यांच्या मांडीवर होती, तिचे पाणी कोटावर पसरत होते. नाखवा अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला, आणि त्याने होडी सरळ पलीकडच्या काठाला लावली. तिसरे ठिकाण त्या दिवशी झाले नाही.

चार दिवस टंडेल माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा माझ्या दारात बसले होते. फळी त्यांनी उचलून आणली होती आणि भिंतीला टेकवून ठेवली होती.

मी म्हणालो, "टंडेल, मला क्षमा करा. एकट्यात सांगायला हवं होतं. चार लोकांत बोललो ते चुकलं."

"चार लोकांत बोलावा म्हनून तर विचारला," ते म्हणाले.

मला समजले नाही.

"कोपरा तुमी चिकटवलात. खळ नवी होती, आंबट वास येत होता. तवाच समजलो, मास्तरांनी मागचा वाचला. आठ दिस वाट बघितली. तुमी काय बोलना. मग म्हटला आपनच विचारू." मग त्यांनी तोंड समुद्राकडे केले. "मास्तर, आपल्या खाडीत जहाजा का येत नायत?"

"पाणी नाही म्हणून."

"भरलेल्या जहाजाला किती लागता?"

"चार वाव. जास्तच."

"मग माझ्या पोराचा जहाज दोन वावात धक्क्याला लागला कसा?"

बाहेर, दूर समुद्रात, त्या वेळीही दोन आगबोटी उभ्या होत्या. अंगणातून दिसत नव्हत्या, पण होत्या.

"चाळीस वर्षा झाली दर्यावर. मला ठाव नसंल? पहिल्या दिशीच ठाव होता. पन तो आकडा समोर होता ना. त्यावर रोज पानी मारत र्‍हायलो." फळीकडे न पाहता त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "आनि बापानं कसा बोलायचा? माझ्या तोंडातून निघंना. दुसऱ्या कोनीतरी बोलायला पायजे होता. खऱ्या मानसानं. चार मानसांदेखत. म्हंजे मग मला नाय म्हनता येनार नव्हता."

सुनेच्या ओळीचा कागद त्यांनी खिशातून काढला. तो दोरीच्या पाण्याने भिजला होता, अक्षरे फुटली होती. "हिनं लिवला तवापास्न झोप नाय," ते म्हणाले. "घ्या, लिवायला घ्या."

मी दौत आणि टाक घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. "माझा मुलगा पाण्यात गेला. येथे चार माणसांदेखत ते नक्की झाले. इद्दतीला बसवावे. स्थळ चांगले असेल तर पुढचे पाहावे." इथे ते थांबले आणि म्हणाले, "आता खाली तिला लिवा." मी टाक बुडवला. टाकावरची शाई सुकली, मी तो पुन्हा बुडवला. शेवटी ते म्हणाले, "लिवा, पोरी, तू थांबलीस. मी बघितला."

मी लिहिले. मग त्यांनी फळी माझ्याकडे सरकवली. "मागचा काय लिवलाय ते वाचून दाखवा. सगळा."

मी चिकटवलेला कोपरा पुन्हा सोडवला, पाणी लावून सबंध नकाशा फळीवरून काढला आणि यादी वाचली. परकी नावे मला जमतील तशी वाचली आणि मुलाच्या पत्राशी लावून त्यांचा अर्थ सांगितला. दुसरा थांबा: राजवाडा. होडी थांबण्याचा काळ दहा मिनिटे.

"दहा मिन्टा," टंडेल म्हणाले. "हे त्यानं पत्रात नाय लिवला."

पुढच्या शुक्रवारी जुम्म्यानंतर गायबाना जनाजा झाला. देह समोर नसताना मृतासाठी जी नमाज पढतात ती ही. रत्नागिरी आणि रायगडकडची पंधरा-वीस माणसे जमली होती, पडावांवरची, गोदामांतली. मी मशिदीबाहेर चपलांच्या ओळीपाशी उभा राहिलो. नमाज उभ्यानेच पढायची असते आणि ती थोडक्यात आटोपते. बाहेर येऊन टंडेलांनी वहाणा घातल्या आणि ते धक्क्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो.

नाखव्याने आम्हाला पाहून जागा केली. होडी थोडी पुढे गेल्यावर टंडेल नाळेवर उभे राहिले.

"एक," ते म्हणाले. "हितून नाव सुटते."

नाखव्याने बाईविषयी विचारले नाही. त्या जागी पोहोचल्यावर सवयीने त्याची वल्ही वर उचलली गेली, पण टंडेलांचा हात खिशाकडे गेला नाही. होडी पाण्यावर नुसती डुलत राहिली.

"दोन," ते म्हणाले. "राजवाडा. मानसा हितं उतरतात. नाव दहा मिन्टा थांबते."

मी घड्याळ पाहिले. उतारूंपैकी कोणाला घाई होती, कोणाला नव्हती. वल्ह्यांवरून पाणी ठिबकायचे हळूहळू थांबले आणि पाती उन्हात वाळली. टंडेल पाण्याकडे पाहत नव्हते. काठाकडे, जिथे माणसे चढतात-उतरतात त्या पायऱ्यांकडे पाहत होते.

दहा मिनिटे पूर्ण झाली तेव्हा मी नुसती मान हलवली. त्यांनी ती पाहिली.

"यल्ला," ते नाखव्याला म्हणाले, आणि वल्ही पाण्यात पडल्यावर, आम्हा सर्वांकडे वळून, "तीन."